इतर

कुलसचिवांकडून आलेले चाळीस फॉर्म
मी स्टाफरूममध्ये वाटत फिरलो.
आपण संशोधन का करता?
योग्य त्या चौकोनात खूण करा.
बढती. पगारवाढ. नावलौकिक. वरिष्ठांचा आग्रह.
आणि अगदी तळाशी, नखाएवढा,
इतर.

माझी खूण पहिल्याच चौकोनात. खोटं कशाला बोलू?
दोन निबंध, बारा गुण, वरची श्रेणी,
थोरलीची नर्सिंगची फी.
सहकारी पतपेढ्यांच्या ताळेबंदांवरचा माझा निबंध
छापून आल्यावर मीही उघडलेला नाही.

युफ्रोसिना बालासाबासबाई मात्र
पेनचं टोपण चावत बसून राहिल्या.
आठवड्याला सत्तावीस तास, पहिल्या वर्षाचं जीवशास्त्र,
ट्रायसिकलच्या टपावर बांधलेले उत्तरपत्रिकांचे गठ्ठे,
आणि अकरा वर्षं, दर पंधरवड्याला,
समारच्या ह्या किनाऱ्यावर
गुडघाभर चिखलात उतरून
खारफुटीवरच्या गोगलगायी मोजणं.
या मुळावर नऊ. त्या मुळावर चार.
पाण्यात टिकणारी वही इथं मिळत नाही,
म्हणून शिसपेन, आणि पानांना मेण.

कशासाठी, बाई?
मी एकदा विचारलं होतं.
त्या म्हणाल्या, मोठ्या वादळानंतर
खाडीवर क्रिस्पुलो म्हातारा भेटला.
म्हणाला, पूर्वी पुष्कळ होत्या.
पुष्कळ म्हणजे किती?
त्यानं आधी ओंजळ केली.
मग विचार करून दोन्ही हात पसरले.
त्या दोन मापांच्या मधे
मला उभं राहवेना, सर.

निबंध तीनदा परत आला.
एकदा भाषा कच्ची म्हणून,
एकदा जागा फार लहान म्हणून
(आमचा अख्खा किनारा!),
तिसऱ्यांदा नुसताच.
चौथ्यांदा छापला गेला. त्याची फी भरायला
घरची डुकरीण विकली,
हे त्यांच्या नवऱ्यानं मला सांगितलं, हसत,
पण पूर्ण हसत नाही.

वाचला किती जणांनी, देव जाणे.
पण मोझांबिकहून एका मास्तरांचं पत्र आलं:
आमच्याकडच्याही भरतीच्या आधीच वर चढतात.
तुमच्याकडे किती वीत?
ते पत्र बाईंच्या टेबलाच्या काचेखाली आहे,
नातवाच्या फोटोच्या शेजारी,
फोटोवर थोडं चढलेलं.

संध्याकाळी फॉर्म गोळा केले.
अडतीस खुणा बढतीला, माझी धरून.
एक फॉर्म कोरा.
एकावर शेवटच्या चौकोनात न मावलेलं,
समासातून खाली उतरत गेलेलं अक्षर:
उद्या ओहोटी सव्वापाचला.
पहिला तास कुणी घ्याल का?

कुलसचिवांना हे उत्तर चालणार नव्हतं.
मी तो फॉर्म घडी करून खिशात ठेवला,
आणि बाईंच्या वर्गाला
गोगलगायीतलं मला काय कळतं, म्हणत
घड्याळात गजर लावला.