जुन्याच मापाने

खारकर आळीतले गुप्ते वकील
चादरीत गुंडाळून तसबीर घेऊन आले.
काच तडकली होती.
'आजोबांनी लिलावात घेतलेली. आपलीच खाडी.
बाकी काही हलवू नका,
जुन्याच मापाने बसवा.'

मध्यभागी साहेब, एक पाय खडकावर,
दुर्बीण किल्ल्याकडे.
(त्या किल्ल्यात आता कच्चे कैदी
तारखेची वाट बघतात.)
आकाश असं उघडलेलं,
जणू त्याच्या येण्याआधी ते कुणी वापरलंच नव्हतं.
खाली पितळी पट्टी, इंग्रजीत: खाडीचा शोध.

दुपारी चेंदणीहून बा डबा घेऊन आला.
चष्मा कपाळावर चढवून
तसबिरीला नाक लावलं, आणि हसत सुटला.
'शीड फुगलंय पूर्वेला, निशान फडकतंय पश्चिमेला.
दोन वारे कुठून आनले यानी?
चिखल उघडा, म्हंजे सुकती.
सुकतीला आपली होरी टेकते तिथं,
याचं जहाज तरंगतंय!'

खिळे उपसले. पुठ्ठ्याची चौकट उचलली,
तर तिच्याखाली झाकलेल्या
दोन इंचांत
एक माणूस.
गुडघाभर चिखलात, हातात बांबू,
पाण्याची खोली मापून वर ओरडणारा.
उन्हाने विटला नव्हता,
साहेबापेक्षा ताजा.

बा हसायचा थांबला.
बऱ्याच वेळाने म्हणाला,
'बांबू असा नाय धरत कुनी.'

खरंच.
चितारी खाडीवर आलाही नसेल.
दंड कुठल्याशा संगमरवरी पुतळ्याचे,
कातडी, ताटलीत उरलेल्या तपकिरीची.
त्याला खापरपणजोबा म्हणायचा मोह
मी आवरला.
पण खोली कुणीतरी सांगितली होती,
बहुतेक आमच्याच बोलीत,
आणि ती वहीत उतरली
साहेबाच्या आकड्यांत, साहेबाच्या नावावर.

रात्री नवा पुठ्ठा कापायला घेतला.
जुन्या खुणेवर सुरी टेकवली.
उचलली.
दोन इंच खाली सरकवली.

पावतीवर लिहिलं: काच, पुठ्ठा, खिळे, मजुरी.

वकील तसबीर हातभर लांब धरून
बघत राहिले.
'हा कोण? आधी नव्हता.'
'होता,' मी म्हटलं.
त्यांनी पैसे मोजले, चादरीला गाठ मारली,
पायरीवरून परत वळले.
'ओरडतोय काय पण तो?'

बाकड्यावरून बा म्हणाला,
'पानी नाय म्हनतंय.
मागं फिरा.'