अर्धा पेच

पळताना काही म्हणून तक्रार नाही, लेतेन्सिया सांगते.
थांबलं की हिचं सुरू होतं.
चौकात, पाववाल्यापाशी,
रात्री दोन वाजता बाळंतिणीच्या दाराशी,
जिथे नुसतं उभं राहायचं असतं
तिथे थरथरते, उचक्या देते, मरते.
सुईणीची गाडी अशी असून कसं चालेल?

बाबा मान हलवतात.
त्यांना यातलं काहीच ऐकू आलेलं नाही,
हे फक्त मला ठाऊक.

मेदेबेरच्या बाजारात उजाडल्यापासून पत्रे ठोकतात,
पिंपांच्या शेगड्या होतात, टायरांच्या चपला.
चाळीस वर्षं या दणदणाटात बसून
बाबांचे कान ब्रेकच्या पट्ट्यांसारखे झिजले.
गिऱ्हाइकं अजून म्हणतात,
इंजिन नुसतं ओग्बाझगीच्या कानावर घाला.
आम्ही दोघं नाही म्हणत नाही.

फियाट सहाशे. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठी.
मागचं झाकण उघडून बाबा तळहात ठेवतात इंजिनावर,
ताप बघावा तसा. मग बोटं फक्त.
पॉइंट घासले. फट मोजली. ठीक होती.
प्लग काढून माझ्यासमोर धरले:
काय दिसतं, सेम्हार?

पांढुरके.

इथे, ढगांच्या वरच्या या गावात, हवा विरळ.
पेट्रोल जास्त पडतं, प्लग काळे होतात,
काजळी धरणं हा इथला धर्म.
हे पांढरे, म्हणजे हवा जास्त झाली.
म्हणजे कुठून तरी चोरून येते.

बाबांनी हातभर रबरी नळी दिली.
एक टोक माझ्या कानात, दुसरं त्यांच्या हातात,
आणि ते कार्ब्युरेटरभोवती हळूहळू फिरवू लागले,
माझ्या चेहऱ्याकडे बघत.
घड्याळजीसारखा हात.
पत्र्यांचा आवाज मागे गेला,
आत फक्त इंजिनाची धाप,
आणि मग, तळाशी, उजव्या बोल्टाजवळ,
सापाच्या पिल्लासारखं
स्स्स.

मी भुवई उचलली. हात थांबला.
सांध्यावर तेलाचे दोन थेंब सोडले
तर गाडी क्षणभर शहाण्यासारखी उभी राहिली,
मग तेल आत ओढून पुन्हा तेच.

खाली उतरवला कार्ब्युरेटर.
गॅस्केट शिळ्या इंजेरासारखं,
हात लावताच तुकडे.
नवं कापायला पुठ्ठा हवा होता.
माझी नववीची भूगोलाची वही निघाली,
मागच्या पानावर लाल समुद्राचा किनारा.
बाबांनी कडेकडेने हातोडीचे हलके टोले दिले,
आकार उमटला, सुटला.
बोल्टाचं भोक नेमकं मस्सावावर पडलं.

बसवताना दिसलं:
आयडलचा स्क्रू जवळजवळ शेवटापर्यंत आवळलेला.
गळती तशीच ठेवून वेग वाढवला होता कुणीतरी,
रोग झाकून रंग फासावा तसा.
आणि स्क्रूच्या डोक्यावर लाल ठिपका.
नखांच्या रंगाचा.
आईच्या बाटलीतला.
सगळ्या असमारात ही खूण
एकच माणूस करतो.

तीन वर्षांपूर्वी आली होती ही गाडी.
तेव्हा मी शाळेत जात होते.
तेव्हा बाबा एकटेच ऐकत होते.

त्यांनी ठिपक्याकडे पाहिलं.
फडक्याने बोटं पुसली, एकेक, बराच वेळ.
स्वच्छ होती ती.

इंजिन सुरू केलं.
कॉफीचा रिकामा पेला धुऊन, पाणी भरून,
बाबांनी झाकणाच्या कडेवर ठेवला. पाणी थरथरत होतं.
पेचकस माझ्याकडे नाही दिला.
स्क्रूत धरून विचारलं, गिऱ्हाइकासमोर,
जरा मोठ्यानेच, जसे बहिरे बोलतात:
कसं वाटतं तुला?

लेतेन्सियाने चमकून पाहिलं.

सोडा, मी म्हटलं. अजून. अजून थोडं.
ओठ दिसावेत म्हणून त्यांच्यासमोर येऊन म्हटलं:
अर्धा पेच.

पाण्यावर एक बारीक वलय राहिलं, मधोमध.
तेवढं राहतंच, बाबा म्हणाले.
जुनी गाडी आहे.