खिडकी क्रमांक तीन

माझ्याकडे एकच प्रश्न असतो, तोही छापील:
आपण या घरात राहता का?

बहुतेक जण हो म्हणतात, वीजबिल सरकवतात,
लायसन्सवरचा पत्ता बोटानं दाखवतात.
मी शिक्का मारतो.
मग घराच्या किमतीतले पहिले पंचाहत्तर हजार डॉलर
पॅरिश बघतच नाही,
पाहुण्याच्या हातून आमटी सांडली तर
घरच्यांनी दुसरीकडे बघावं, तसं.
वर जे उरेल त्यावर कर.
काहींचं काही उरतच नाही.

तळ्याकाठी दुसरं घर असेल, शिकारीचं,
तर त्याला सूट नाही.
सूट राहत्या घराला. एकालाच.

मार्चमधल्या एका मंगळवारी
यूलाली मेलांसाँ आल्या. पायात रबरी बूट,
हातात बिल, चारदा घडी घातलेलं:
एक हजार बारा डॉलर.
"मागच्या साली एकशे सत्त्याऐंशी होतं.
वर्षभरात घरानं एवढं काय कमावलं?"

मी फाइल काढली.
सूट अल्सीद मेलांसाँ यांच्या नावावर,
एकोणीसशे चौऱ्याऐंशीपासून.
अल्सीद जुलैत गेले, त्यांच्यामागून सूटही गेली.
संगणकाला बायको कळत नाही,
नाव कळतं.

नवा फॉर्म भरायला घेतला. नाव. जन्मतारीख.
या घरात राहता का?

त्या थांबल्या. बाईंना खोटं बोलायची सवय नसावी.
"झोपते अंगणातल्या ट्रेलरमध्ये," म्हणाल्या,
"छप्पर ऑगस्टच्या वादळात गेलं.
वर निळी ताडपत्री आहे. विमावाले
अजून बघतायत.
पण कपडे मी तिथंच धुते.
कोळंबीचा फ्रीजर तिथंच आहे, टपाल तिथंच येतं,
आणि मांजर काही केल्या
ट्रेलरमध्ये पाऊल ठेवत नाही."

मागं रांगेत कोणीतरी खाकरलं.

नियमपुस्तिकेत, पान सत्तावीस, खालून दुसरं कलम:
आपत्तीमुळे घर सोडावं लागलं असेल
आणि परत जायचा इरादा असेल,
तर ते राहतं घरच धरावं.
मी विचारलं, "परत जायचा इरादा आहे ना?"

"मी गेलेय कुठं," त्या म्हणाल्या, "परत जायला?"

या उत्तरासाठी फॉर्मवर चौकट नाही.
दोनच आहेत, हो आणि नाही,
तांदळाच्या दाण्याएवढ्या.
मी हो वर खूण केली.
जरा जोरातच झाली, खालच्या कागदावर उमटली.

सांगायचं म्हणजे,
मी भाड्याच्या खोलीत राहतो, लाँड्रीच्या वर.
जमीन दिवसभर कोमट असते.
मालकाचा कर माझ्या भाड्यात मुरतो,
लोणच्यात मीठ मुरावं तसा, दिसत नाही.
अकरा वर्षं झाली.
मी तिथं राहतो का, हे मला
अजून कुठल्याच फॉर्मनं विचारलेलं नाही.

यूलालीबाईंनी पावती घेतली,
शिक्क्याच्या ओल्या शाईवर फुंकर घातली
चमच्यातल्या गरम पेजेवर घालावी तशी,
आणि विचारलं,
"छप्पर बसलं की कळवायला यायचं का?"

यायला हवं होतं, नियमाप्रमाणे.
मी म्हणालो, "कोळंबी घेऊन या."
त्या हसल्या नाहीत. मान हलवली,
बहुतेक खरंच आणतील.

पुढचा.

पुढच्याकडे घरं दोन होती,
दोन्हींची वीजबिलं,
दोन्हींच्या किल्ल्या एकाच साखळीत.

"यातल्या कुठल्या घरात राहता?"

त्यानं खिडकीशी वाकून, आवाज खाली आणून विचारलं,
"तुमच्या मते, कुठल्यात राहू?"