चौथं गाणं

लग्नसराई संपली. बोडीच्या पाळीवर
उरकुडा मेश्राम मोबाइल कानाशी धरून.
कुठल्या परदेशी माणसाचा ट्रम्पेट,
सोबतीला तिघंच.

"आपुन एकवीस. एक चुकला
त वीसजन झाकतेत.
हे चौघं, पाय बाप्पा, उघडेच."

ड्रमवाला वाजवत नाही, झाडतो,
सडा टाकायच्या आधी
कुणी अंधारात अंगण झाडावं तसा.
जाड तारांचं ते उभं वाद्य
धुऱ्यावरून चालतंय. घाई नाही.

चौथ्या गाण्यात ट्रम्पेट घसरतो,
सूर जरासा फाटतो
आणि त्यानं तो तसाच राहू दिलाय.

उरकुडा मागे नेऊन ऐकतो.
पुन्हा.
मग रेक्झिनच्या पिशवीतून आपला काढतो.
ओठांना लावत नाही;
नळीतली थुंकी तेवढी
गवतावर झटकतो.