मागची बाजू

गावाचं नाव हिद्द.
पहिल्या दिवशी पाटीवर मी हद्द वाचलं,
घाईत असलो की अजूनही तेच वाचतो.

आज शुक्रवार, गोदी बंद.
शिजू मासळी आणायला मुहर्रकला गेलाय,
टेक बहादूर झोपलाय एसीखाली, कानटोपी घालून.
बाथरूममध्ये मी उघडा,
गळ्यात शिजूचा मल्याळी पेपर, मधोमध भोक पाडून.
मशीन साडेसात दिनारचं.
पहिल्या महिन्यात कानामागे जी वाट पडली
तिला खोलीतले रनवे म्हणाले,
विमानतळ जवळच आहे.
आता बरं जमतं.
आणि हेल्मेटखाली कोण बघतंय?

फक्त दोन आरशांत हात बिथरतो.
डावीकडे म्हणावं तर उजवीकडे,
जवळ म्हणावं तर लांब.

पैसे वाचतात, असं मी सगळ्यांना सांगतो.
दीड दिनार म्हणजे तीनशेच्या वर,
तेवढ्यात आमच्या गावी पाच डोकी होतात, दाढीसकट.
हा भाव मला पाठ आहे.
का पाठ आहे ते सांगत नाही.

खरं तर कमरुल चांगला कापायचा.
बेकरीला लागून दुकान, दोन खुर्च्या. कुमिल्ल्याचा माणूस.
मान दोन बोटांनी अशी वळवायचा
की बोटांखाली अंडं आहे.
एकदा कात्री थांबवून म्हणाला,
माझा बापही हेच करायचा,
सगळ्या मोहल्ल्याची जावळं त्याच्या हातची.
तुझा?

शेती, मी म्हणालो.

किती?
दहा एकर. ऊस.

(आमची जमीन म्हणजे
दुकानापुढची एक पायरी, तीही ग्रामपंचायतीची.)

त्या दिवशी त्यानं मानेला जास्तीची पावडर लावली,
दहा एकरवाल्याला लावतात तशी.
तेव्हापासून बेकरी आली की मी रस्ता ओलांडतो.
खबूस दुसरीकडून आणतो, तिथला शिळा असतो.

फिटर आहे मी. पंपातली केसाएवढी फट
बोटाला कळते.
पण घरी कात्री कधी हातात आली नाही.
बाबांनी येऊच दिली नाही. तू पान्हा धर, म्हणाले,
आणि धोकटी खुंटीवर, माझ्या हाताच्या वर.

सोमवारी दुकान बंद असायचं.
बाबा सायकलवरून नदीपलीकडं जायचे, म्हसू आप्पाकडं.
आधी हा त्याचे कापी, मग तो ह्याचे.
पैसे नाहीत. चहा, आणि थोडी तंबाखू.
मी कॅरियरवर बसून विचारलं होतं,
अख्ख्या गावाचे कापता, मग स्वतःचे का नाही?
मागची बाजू येत नाही, म्हणाले.
कुणालाच?
कुणालाच. सरक पुढं, चढ आलाय.

आज फोन त्यांचाच आला.
नळावर टेकवून ठेवला, त्यांनी पाहिलं,
पेपर, मशीन, वॉशबेसिनभर केस.
काही बोलले नाहीत. चष्मा शोधला.
मग म्हणाले, फिर.
मी पाठ केली फोनकडे.

मान खाली.

हे ते सरपंचाला म्हणालेत, फौजदाराला म्हणालेत,
एकदा मतदानाच्या आदल्या दिवशी आमदारालाही,
आणि सगळ्यांनी घातली आहे.
मीही घातली.
उजवीकडं. तुझ्या उजवीकडं. दाबू नको.
आता उलटं, खालून वर.
कान मोड. हां.
समुद्रापल्याडून त्यांचा आवाज थोडा उशिरा यायचा
आणि हात बरोबर जागी थांबायचा.

झालं, म्हणाले. बरं दिसतंय.
मी वळलो, आणि तेव्हा पडद्यावर नीट बघितलं:
कॉलरवर आलेले त्यांचे केस, कानांवरून खाली,
पांढरे, वळलेले.
म्हसू आप्पा जाऊन सात महिने झाले.

बाबा, तुमचे?

ते जरा हसले,
फोन कुठंतरी टेकवला, बहुतेक बरणीला,
आणि माझ्याकडे पाठ करून बसले.

माझ्या हातात मशीन चालूच होतं.