वस्तूचं नाव

फणसवाडीत आमचं दुकान, खडपे हार्मोनियम वर्क्स.
पाटीवरचा 'नि' कधीचाच पडलाय.
सूर घासायचे, भाता चिकटवायचा
आणि पावतीवर पहिला रकाना भरायचा: वस्तूचं नाव.

इलुंगा मंगळदास मार्केटात कापड घ्यायला येतो.
पिशवीतून त्यानं काढली वीतभर फळी,
तिच्यावर अकरा लोखंडी जिभा, एक तुटलेली.
"लिकेंबे," म्हणाला. मी लिहिलं.
"आई मात्र चिसांजी म्हणायची." खोडलं.
"नदीपलीकडे सांझा."
मी पेन खाली ठेवलं.

छत्रीची काडी ठोकून चपटी केली, बसवली.
सूर लागला, पण मागे सारखी किरकिर:
फळीला तारेनं बांधलेली चार बुचं.
बावीस वर्षं मी किरकिर काढायचेच तर पैसे घेते.
काढली.

दुसऱ्या दिवशी त्यानं दोन्ही अंगठ्यांनी वाजवून पाहिलं.
"स्वच्छ आहे," म्हणाला,
"पण कुणीच आलं नाही."

मग मी, तो आणि शेजारचा इस्त्रीवाला
डब्यातला कचरा पेपरावर पसरून बसलो.
तीन सापडली.
चौथं समोरच्या इराण्याकडचं, रासबेरीचं.

त्याच्या मागून बाकीचे आले.
तेंदाई, हरारेची, नर्सिंग शिकते: म्बिरा म्हणते,
आणि हिला खेळणं म्हणायचं नाही असा दम भरते.
नालासोपाऱ्याहून ओबिओरा: उबो.
युगांडाचा एकजण, 'अकोगो' एवढंच बोलला,
ठेवून गेला, परत फिरकला नाही.

अंगठा दाखवला तर आपल्यात नकार,
उठवला तर अडाणी.
बाबा अंगठाबहाद्दर. श्रुती केसभर हलली तरी
जेवता जेवता हात थांबायचा.
पावत्या मी लिहायची, आठ वर्षांची असल्यापासून.
काय लिहू? पेटी लिही.
सरदारजी वाजा म्हणतात.
मग त्यांच्या पावतीवर वाजा.
भय्याजी बाजा म्हणतात.
अगं, वस्तू त्यांची ना?

आता त्या रकान्यात पाच नावं, एकाखाली एक,
माझ्या अक्षरात, जरा वाकडी.
हिशेबनीस विचारतो, नेमकं काय आहे हे?
मी त्याला चहा सांगते.

संध्याकाळी अर्धं शटर ओढून
तयार पेटी तपासायला बसते.
काळी चार दाबली
की कपाटातला अकोगो आपोआप किरकिरतो.
हात उचलत नाही मी लगेच.
कोण आलंय, विचारते.