सातवी पायरी

फाशीचा सांगाडा ट्रकमधून सुटा सुटा आला.
केर्वेनेकच्या दगडी पुलावर गचका बसला
आणि तेरांतली सातवी पायरी चिरली.
म्हणून मला बोलावणं. मी गोल्वेन, गावचा सुतार.

ऑगस्टात याच पोरांच्या रणगाड्यांवर
आमच्या बायकांनी डेलिया फेकले होते.
मीही परसातली बाटली उकरून काढली,
लेकीच्या लग्नासाठी पुरलेली सफरचंदाची दारू.
चार वर्षांनी रस्त्यावर मोठ्यानं हसलो होतो.

सप्टेंबरात सोआझिगचं दार मोडलं.
दार मीच बसवलेलं, पुन्हा मीच बसवलं.
बिजागरी उखडलेली,
फळीवर चिखलात उमटलेली एक टाच.
ती चुलीपाशी, अंगावर नवऱ्याचा कोट.
नवरा जर्मनीत, कैदेत.
"आतून दोन कड्या लाव," म्हणाली.
एवढंच.
हे आधी सांगतो, कारण पुढचं ऐकताना
लोक हे विसरतात. गुन्हा झाला होता.

कोर्ट शाळेत भरलं, नकाशाखाली.
ती म्हणाली, दिवा विझला होता.
दोघे असतील, तिघे असतील. दारूचा वास होता.
"रंग?"
"अंधाराला कसला रंग, साहेब?"
दुभाषा थोडा अडखळला.
टाइपरायटर अडखळला नाही.

रांग लावली ती रसदीच्या कंपनीची.
सगळे काळे, पिठाची पोती न् पेट्रोलचे डबे वाहणारे.
तिला म्हणाले, बोट दाखव.
उरलेला तळ तेव्हा जेवायला बसला होता.
बोट कुठेतरी थांबणारच. थांबलं.

आयझाया प्रुएट. वय एकवीस.
त्याला वकील दिला तो दातांचा डॉक्टर,
खटल्याआधी वीस मिनिटं भेटलेला.
दुपारच्या कॉफीआधी निकाल.

गिरणीवाल्याच्या मारीव्हॉनचं काय झालं
ते गावाला ठाऊक आहे. दिवसाढवळ्या, एक गोरा सार्जंट.
टोपी विसरून गेला, टोपीत नाव शिवलेलं.
बाप ती टोपी घेऊन तळावर गेला.
त्यांनी टोपी ठेवून घेतली.
"आघाडीवर माणसं कमी आहेत," असं काहीतरी म्हणाले,
बापाला सिगारेट दिली. सार्जंट पूर्वेला गेला.

मी पायरी केली. ओकची.
रंधा मारावा का, क्षणभर थांबलो.
हिच्यावर कोण अनवाणी चालणार?
तरी मारला. हाताला दुसरं येत नाही.

सोआझिगच्या घरामागच्या शेतात उभारलं ते.
न्याय दिसावा म्हणून गावाला बोलावलं.
ती आली नाही. दोन्ही कड्या लावून आत बसली.
तो चढला. कुठल्यातरी नदीचं नाव घेत होता
की आईचं, मला कळलं नाही.
मी पायऱ्या मोजत होतो, धंद्याची खोड.
बारा करकरल्या.
माझी नाही.

मग सांगाडा उतरवताना पायरी हातात आली.
कोऱ्या ओकवर ओल्या मातीची टाच.
चढताना एकट्याचीच सातवीच्या कडेवर पडलेली,
पहारेकरी मधून गेले होते.
माझ्या खिशात नेहमी मोजपट्टी असते.
काढायला नको होती.
दारावरची टाच तीन तसूंची होती.
ही साडेतीनाला वर.

दोघे असतील, तिघे असतील, ती म्हणालीच होती.
दारावरची टाच दुसऱ्याची असेल.
हे मी स्वतःला किती वेळा सांगितलं
त्याचं माप नाही माझ्याकडे.

कॉर्पोरलनं पावती दिली: पायरी, ओक, एक नग.
खाली शिक्का.

नाताळच्या आसपास सोआझिग दुकानात आली,
एका कडीचा खिळा सैल झाला होता.
मी शोधत होतो तोवर म्हणाली,
"तू दार बघितलंस, पायरीही केलीस.
तोच होता का रे?"
मी म्हणालो, "कोणता खिळा, लांब की आखूड?"